कड्याखालचं तेल

लालमहंमदला कुणाचं मन मोडता येत नसे. लोक हा त्याचा गुण म्हणून सांगत, आणि ऐकून ऐकून त्यालाही तो गुणच वाटू लागला होता. लातूरच्या एमआयडीसीत कुठल्याही डाळमिलवाल्याकडे पत्र्याचं काम निघालं की आधी त्याला निरोप जाई, तो जितका त्याच्या हातासाठी तितकाच त्याच्या जिभेसाठी. मालकाच्या मेहुण्याने येऊन अक्कल शिकवली तरी हा ‘बराबर हाय’ म्हणून मान डोलवणार, आणि मेहुणा चहाला गेला की आपल्याला हवं तेच करणार. भांडण नाही, तंटा नाही, काम फत्ते. असा माणूस कुणाला नको असतो?

त्याचा बाप गंजगोलाईच्या बाजारामागे पत्र्याच्या पेट्या आणि गोडेतेलाचे डबे करायचा. लालमहंमदने कूलरच्या बॉड्या केल्या, आणि कूलर प्लास्टिकचे निघाल्यावर डाळमिलचे डक्ट धरले. तुरीची डाळ करायची म्हणजे साल सुटावी म्हणून तुरीला आधी तेल-पाणी चोळतात आणि मग ती वाळवतात. पूर्वी गच्चीवर उन्हात पसरायचे. आता भुशाच्या भट्टीवर हवा तापवून पंख्याच्या जोराने ती पत्र्याच्या जाड नळातून ड्रायरमध्ये सोडतात. हा नळ म्हणजे डक्ट. तो एकसंध करता येत नाही, तुकडे जोडावे लागतात, आणि सगळं दुखणं त्या जोडात असतं. बोल्ट थरथरून ढिले होतात, मध्ये घातलेली दोरी करपून तिचा भुगा होतो, फटीतून गरम हवा शिट्टी मारत बाहेर येते. मिलमध्ये जिकडेतिकडे सालीचा बारीक धुरळा, त्यात अशी फट म्हणजे आगीला आवतण.

या दुखण्यावर औषध काढलं ते त्याच्या मुलीने, जाहिदाने. ती बी.एस्सी. होऊन नांदेडला मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका कारखान्यात लागली होती. तिथे तांब्याच्या गुंडाळीवर रेझिन ओततात आणि भट्टीत भाजतात. एकदा भाजलं की ते असं बसतं की मोटार कितीही तापली तरी सुटत नाही. जाहिदाच्या मनात आलं, हेच डक्टच्या जोडात का भरू नये? नोकरी सोडून ती घरी आली आणि बापलेकीने दुकानाच्या मागच्या खोलीत उद्योग मांडला. रेझिनमध्ये काय काय कालवून ती जो लगदा करी त्याला दोघं ‘मसाला’ म्हणत. कधी तो तडकला, कधी त्याचा धूर झाला, कधी शेजारी नाकाला पदर लावून भांडायला आले. भाजायला भट्टी नाही म्हणून ओळखीच्या बेकरीत नमुने ठेवले, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत पावाला ऑइलपेंटचा वास. बेकरीवाल्याने दोघांना हात जोडून बाहेर काढलं. पण शेवटी जमलं. लालमहंमदने दुहेरी पत्र्याचं कडं केलं, आत खाच ठेवली. डक्टची दोन्ही टोकं खाचेत बसवायची, खाच मसाल्याने भरायची, आणि मंद गरम हवा सोडून तो जागच्या जागी भाजू द्यायचा. बोल्ट नाही, दोरी नाही. पेटंटसाठी दोघांच्या नावे अर्ज गेला त्या दिवशी हा माणूस दुकानावरून जाणाऱ्याला हाक मारमारून चहा पाजत होता.

अर्ज गेला म्हणून काही होत नाही, कुणीतरी ती कडी आपल्या मिलमध्ये लावायला हवीत. लावायला तयार झाले मल्लिनाथअप्पा. मिल जुनी, माणूस हौशी, नवा ड्रायर घेतलेला. त्यांनी सांगितलं, उद्घाटनाला उदगीरचे, मुरुडचे, नांदेडचे मिलवाले बोलावतो, त्यांच्यासमोर ड्रायर चालवतो. टिकलं तर तुझ्या पोरीचा मसाला सगळीकडे जाईल. नाही टिकलं तर काय, हे अप्पा बोलले नाहीत, पण धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. एकदा चारचौघांत फसलेली वस्तू पुन्हा कुणी दारात उभी करत नाही.

अप्पांच्या आई शरणम्मा. त्यांना सगळी मिल अव्वा म्हणे. त्या घरची एक रीत होती. नवं यंत्र आलं की ते घरात आलेली सून समजायचं, आणि बसवायच्या आधी त्याच्या सांध्यासांध्याला हळद कालवलेलं तेल लावायचं. नुसता टिपका नाही, अव्वा अंगठ्याने चांगलं चोळून लावत. तेलावर रंग धरत नाही, झाळणीचा डाग धरत नाही, हे लालमहंमदला पोरवयापासून ठाऊक. पण अव्वांना ते कसं सांगायचं? म्हणून त्याने आपली एक वाट काढली होती. अव्वा घरात गेल्या की तो थिनरचं फडकं घेऊन सगळे सांधे गुपचूप पुसून काढी. त्यांची रीत झाली, याचं काम झालं, बोलायचा प्रसंगच नाही. कितीतरी वर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

या खेपेलाही त्याने तसंच पुसलं. फक्त एक कडं अव्वा ऑफिसात बसवण्णांच्या तसबिरीसमोर घेऊन गेल्या होत्या, आणि त्याचं पुसणं उरकल्यावर त्यांनी त्याच्या खाचेला तेल चोळून ते परत ढिगावर आणून ठेवलं. लालमहंमद तेव्हा भट्टीकडे होता. जाहिदाने लांबून विचारलं, सगळी पुसलीत ना? तो म्हणाला, पुसलीत, भर. आपण काय पुसतो हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याच्या देवाधर्माचा विषय घरात तरी कशाला काढायचा, हा त्याचा खाक्या. डक्टची टोकं खाचेत बसल्यावर आतलं तेल दिसत नव्हतं; पोरीने कड्यावरची धूळ कोरड्या फडक्याने झटकली आणि मसाला भरला. मग भट्टी मंद ठेवून सगळे जोड भाजून घेतले. वरून बघता एकापेक्षा एक सरस दिसत होते.

उद्घाटनाच्या सकाळी मिलसमोर मांडव पडला होता. पूजेसाठी जंगम स्वामी येऊन बसले होते, पाहुण्यांना फेटे बांधणं चालू होतं. भट्टी नुकतीच पेटवली होती आणि डक्ट कोमट झाला होता. लालमहंमद सवयीने एकदा डक्टखालून फिरून यायला गेला. डक्ट जिच्यावरून जात होता त्या डाळ निवडणीच्या खोलीत आला आणि त्याचा पाय थबकला. वरच्या कड्याच्या कडेतून एक पिवळी, तेलकट धार बारीकशी उतरली होती.

त्याने स्टूल घेतलं, वर चढला, बोट लावलं, वास घेतला. हळद. बोटाच्या पेराने कडं वाजवून बघितलं. बाकीची कडी भरीव बोलत, हे पोकळ बोललं. मसाला पक्का भाजला होता, पण पत्र्याला धरलाच नव्हता. मध्ये तेल होतं. पंखा पूर्ण जोराने फिरला की डक्ट थरथरणार, तापून लांबणार, आणि हे कडं निसटणार.

त्याने खाली बघितलं. निवडणीच्या बायका सुपं घेऊन ओळीने बसल्या होत्या. बरोबर कड्याखाली नीलम्मा होती, रेणापूरहून रोज टमटमने येणारी.

आता काय करायला हवं होतं, हे तुम्हाआम्हाला इथे बसून चटकन सुचतं. तो तडक अप्पांकडे गेला. म्हणाला, अप्पा, भट्टी जरा थांबवू, एक कडं परत बघायचंय. अप्पांनी विचारलं, काय झालं त्याला? एका वाक्याचं उत्तर होतं. पण अप्पांच्या मागे आरतीचं ताट घेऊन अव्वा उभ्या होत्या, अंगठा अजून पिवळा. बाजूला अप्पांचा पुतण्या मोबाइल उंच धरून सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. लालमहंमदची नजर त्या मोबाइलवर गेली. अव्वाच्या हळदीनं यंत्र बिघडलं, हे वाक्य त्याच्या तोंडून निघायचं, त्या मोबाइलमध्ये जायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत ते कुठल्या कुठल्या ग्रुपवर काय होऊन फिरायचं? वाक्य कुणाचं, हळद कुणाची, एवढंच लोक बघणार. आजकाल एवढं पुरतं.

“काय न्हाई अप्पा,” तो म्हणाला, “मसाला आजून जरा भाजू दिला असता तर बरं झालं असतं.”

अप्पा हसले. मुहूर्त टळतोय, म्हणाले, आणि तुझी पोरगी तर सांगून राहिली की भाजून दगड झालाय म्हणून. लालमहंमदने दुसरा डाव टाकून बघितला. निदान निवडणीच्या बाया तेवढ्या वेळापुरत्या बाहेर बसवू. अप्पांना ते पटलं नाही. पाहुण्यांना चालू मिल दाखवायची होती, रिकामी खोली नव्हे.

मग तो जाहिदाकडे गेला. ड्रायरच्या पॅनेलपाशी ती नांदेडच्या मिलवाल्याला कडं कापून केलेला नमुना दाखवत होती. आजूबाजूला आणखी दोघंतिघं वाकून बघत होते. वडिलांना पाहून तिने डोळ्यांनीच खुणावलं, यांना पटतंय. पोरीचा चेहरा असा उजळलेला त्याने कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. तिला बाजूला बोलवायला तो पुढे झाला, तेवढ्यात बाहेर शंख वाजला आणि सगळे मांडवाकडे वळले.

राहिला एकच उपाय, आणि तो किती येडपट होता हे त्यालाही आतून कळत असावं. तो निवडणीच्या खोलीत जाऊन कड्याखाली, नीलम्माच्या शेजारी उभा राहिला. कडं हललंच तर आपण हाताने आवरू, पंखा बंद करा म्हणून ओरडू. निसटण्याआधी ते इशारा देईल, अशी त्याची आशा होती. खाली टेकू लावावा असंही मनात आलं, पण टेकू पाहुण्यांच्या नजरेत आला असता.

नीलम्माने सूप पाखडता पाखडता वर बघितलं. “काय झालं चाचा? इथं काऊन उभे?”

“काय न्हाई,” तो म्हणाला. “बघून राहिलो.”

नारळ फुटला. पंखा आधी गुरगुरला आणि मग त्याचा आवाज भरत गेला. डक्टमधून हवा धावली, पत्रा तडतडला, तापताना तडतडतोच. पाहुणे ड्रायर बघून एकेक करत निवडणीच्या खोलीच्या दारात आले. अप्पा हात वर करून सांगत होते, बघा, एकाही जोडाला फट नाही, कागद धरा, हलणार नाही. कुणीतरी खरंच जवळच्या जोडाला कागद धरला. तो हलला नाही. लोक माना डोलवू लागले. लालमहंमदची मान मात्र वरच होती. पिवळी धार आता जाड झाली होती आणि तिचे थेंब पडू लागले होते. एक नीलम्माच्या सुपात पडला. तिने तो बोटाने निपटून पदराला पुसला आणि निवडत राहिली. कडं पंख्याच्या या वेगाला तग धरतंय, म्हणजे धरेलही, असं त्याने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात अप्पांनी पंखा पूर्ण जोरात करायला सांगितला.

इशारा वगैरे काही मिळाला नाही. डक्टचं एक टोक मागे सरकलं, कडं एका बाजूने तिरपं झालं आणि खाली आलं. लालमहंमदने नीलम्माला ढकललं, पण तिचा उजवा हात सुपातच राहिला होता. तापलेलं कडं कोपरापासून मनगटापर्यंत घासत गेलं. वरून काजळीची गरम हवा सुटली, त्याच्या मानेची कातडी पोळली. नीलम्मा ज्या आवाजात ओरडली तो आवाज पंख्याच्या वर ऐकू आला.

पंखा बंद झाला. बायकांनी तिला पाण्याच्या टाकीकडे नेलं, हातावर पाणी ओतलं, अप्पांनी गाडी काढायला लावली. ठिणगी उडाली नाही, आग लागली नाही, हे नशीब म्हणायचं. मग अप्पा वळले आणि पाहुण्यांदेखत त्यांनी विचारलं, काय झालं रे हे?

अव्वा दारात उभ्या होत्या. जाहिदा त्यांच्या मागून धावत आली होती.

“मसाला कच्चा राहिला, अप्पा,” लालमहंमद म्हणाला.

जाहिदा जागच्या जागी थांबली. तिने बापाकडे बघितलं, मग खाली पडलेल्या कड्याकडे. पाहुण्यांनी सभ्यपणे जेवण केलं आणि गेले. नांदेडवाल्याने तिचा नमुना जाता जाता टेबलावर ठेवून दिला.

त्यानंतर बापलेकीच्या घरात बोलणं असं उरलं नाही. मानेला मलम लावून तो दुकानात बसे, ती मागच्या खोलीचं दार लावून घेई. तिने ते कडं उचलून आणलं होतं आणि मधोमध कापलं होतं. कापताच तिला सगळं समजलं. तिने बापासमोर येऊन एकच वाक्य सांगितलं, “अब्बा, मेरे मसाले कू कच्चा नक्को बोलो.” त्याने समजूत घालायला तोंड उघडलं. म्हातारी बाई, सत्तरी उलटलेली, चारचौघांत तिचा अपमान कसा करायचा? जाहिदाने विचारलं, आणि माझा? तो मलमाची डबी घेऊन दुकानात जाऊन बसला.

नीलम्माच्या हातावर दवाखान्यात पट्ट्या बदलणं चालू असतानाच एके दुपारी अव्वा रिक्षाने दुकानात आल्या. एकट्याच. लालमहंमदने खुर्ची पुसून दिली. त्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून जाहिदाला हाक मारली आणि विचारलं, पोरी, तुझ्या मसाल्यात काय कमी पडलं? मला कळेल असं सांग. जाहिदा बापाकडे बघत राहिली. बाप पायाकडे. मग ती आत गेली आणि कापलेलं कडं आणून तिने अव्वांच्या मांडीवर ठेवलं.

मसाला दगडासारखा होता. त्याच्या पत्र्याकडच्या अंगाला पिवळा तवंग होता, आणि त्यात अंगठा फिरवल्याच्या रेघा जशाच्या तशा उठल्या होत्या. अव्वांनी त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. जन्म तेलात आणि डाळीत गेलेली बाई, तिला पुढचं सांगायची गरज नव्हती.

“तुला ठावं होतं?” त्यांनी लालमहंमदला विचारलं.

“हाव, अव्वा.”

“कवापासून?”

“पंखा चालू व्हायच्या आधीपासून.”

“मग बोलला का न्हाईस?”

तो पुन्हा वयाचं, मानाचं काही सांगू लागला. अव्वांनी हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाल्या, माझ्या हातची भाकर खाल्लेला माणूस तू, मान कशाला म्हणतात ते मला शिकवू नको. खरं काय ते सांग.

“भ्यालो,” तो म्हणाला. “लई लोक होते. पोरगं मोबाइल धरून होतं. माझ्या तोंडून तुमच्या हळदीचं नाव निघालं असतं तर...”

अव्वांनी कडं मांडीवरून खाली ठेवलं. त्यांना राग आला होता, पण तो कुणाचा हे त्यांनाही नीट ठरवता येत नसावं. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात हा माणूस आपल्या दारात भीत उभा होता, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. आपल्या माघारी हा सांधे पुसत आला, हेही त्यांनी त्याच बैठकीत त्याच्याकडून काढून घेतलं. मग त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. जोड माझ्या तेलानं सुटला, पोरीचा मसाला पक्का हाय, बोलावलेल्या सगळ्यांना तुझ्या तोंडानं सांग, असं मोठ्याने बजावलं. उदगीरवाले आणि मुरुडवाले पुन्हा येऊन बघतो म्हणाले. नांदेडवाल्याने फोन उचलला नाही.

फोन ठेवून अव्वा उठल्या. “चल,” त्या म्हणाल्या. “आता रेणापूरला. तिला बी कळू दे.”

नीलम्मा घराच्या ओट्यावर बसली होती, उजवा हात पट्ट्यांत, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर टेकवलेला. मालकीणबाईंना दारात बघून ती उठायला लागली, अव्वांनी तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. लालमहंमद उभाच राहिला. त्याने सगळं सांगितलं. आयुष्यात प्रथमच त्याने एखादी गोष्ट आडवळण न घेता सांगितली असेल. तेल, हळद, पिवळी धार, अप्पांनी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, मोबाइल, भीती, सगळं. अव्वा मध्येच म्हणाल्या, तेल माझं होतं गं. दवाखान्याचं आणि घरी बसशील तितक्या दिवसांचं आमच्याकडे लागलं. नीलम्मा मान हलवत ऐकत होती.

त्याचं सांगून संपलं. डाव्या हाताने तिने पट्टीची सुटलेली कड आत खोचली.

“तेलाचं अप्पाला सांगायचं होतं, चाचा. अव्वाला सांगायचं होतं. ते तुमचं तुमी बघा,” ती म्हणाली. “पर तुमी माझ्या बाजूला येऊन उभे होते. मला निस्तं ऊठ म्हणायचं होतं. मी काऊन बी इचारलं नसतं. उठले असते.”

अव्वांनी लालमहंमदकडे बघितलं. ‘ऊठ’ हा एक शब्द त्या सकाळी त्याच्या मनातसुद्धा आला नव्हता.